दहा सेंटीमीटरला दोन मिलिमीटर

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या सोमवारी सातवीच्या पालकांची सभा होती. फळ्यावर विषय लिहिला होता, 'सातवीच्या गणिताकडून पालकांनी काय अपेक्षा ठेवावी'. मी कामाला आहे त्या शिरोली एमआयडीसीला सोमवारी सुट्टी असते, म्हणून मी जाऊ शकलो. आधी असल्या सभांना माझी बायको क्रांती जायची. गेल्या नोव्हेंबरात ती गेली. कावीळ म्हणून दवाखान्यात ठेवली आणि अकराव्या दिवशी संपलं. आता घरात मी, माझी आई तानूबाई आणि मुलगी साक्षी.

गणिताच्या अनुजा मॅडम यंदाच शाळेत आलेल्या. आजऱ्याच्या. वय तिशीच्या आसपास, आवाज मोठा. त्यांनी प्रस्तावना केली नाही.

"आतापर्यंत तुमच्या मुलांना गणित येत होतं," त्या म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत तुम्हाला वाटेल की येईनासं झालं. घाबरू नका. आतापर्यंत उत्तर काढलं की झालं. आता ते तसंच का आलं तेही सांगायचंय. त्याला वेळ लागतो."

मग म्हणाल्या, वही घाण दिसेल. वर्गात खोडरबर बंद केलाय. चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची आणि खाली पुन्हा करायचं, म्हणजे चूक कुठं झाली ते दिसतं. गृहपाठ वीस मिनिटांचा. त्याहून जास्त वेळ लागला तर वही बंद करा आणि मला चिठ्ठी पाठवा. पण तुम्ही सोडवून देऊ नका.

मागून विजयसिंह म्हणून एक पालक उठले. त्यांचा दुधाचा धंदा. "मग आमी करायचं काय मॅडम? नुसतं बघत बसायचं व्हय?"

"बसायचं. शेजारी बसायचं आणि विचारायचं, हे कसं केलंस. तुम्हाला येत नसलं तरी चालेल."

"एवढा वेळ तर आमी म्हशीपाशी बी बसत न्हाय की!"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मी हसलो नाही. मला वाटलं, दीड आठवड्यापूर्वी आलेली बाई आम्हाला आमच्या पोरांशेजारी बसायला शिकवते.

सभा संपल्यावर मी निघालो तर त्यांनी थांबवलं.

"तुम्ही साक्षीचे पप्पा ना? तिचे अपूर्णांक फार पक्के आहेत. म्हणत होती, आईनं शिलाईच्या टेपवर शिकवले. इंचाचे आठ सूत, पाव इंच म्हणजे दोन सूत. वर्गाला तिनंच शिकवलं परवा. छान शिकवत होत्या हो त्या."

मी "हो" म्हणालो. पण मला हे माहीत नव्हतं. क्रांती ब्लाउज शिवायची. मशीनशेजारी साक्षी अभ्यासाला बसायची, एवढं मला माहीत होतं. तेव्हा मी दुसऱ्या पाळीला असायचो. टेपवरचे सूत दाखवून ती पोरीला अपूर्णांक शिकवत होती, हे मला कुणी सांगितलं नाही. बायको गेल्यावर सात महिने साक्षीनं माझ्याजवळ आईचं नाव काढलं नव्हतं. आणि या बाईला दहा दिवसांत सांगून मोकळी झाली.

घरी येताना मी गाडी उगाच जोरात मारली.

जुलैभर घरात 'मॅडम म्हणतात' एवढंच ऐकू यायचं. मॅडम म्हणतात, उणे गुणिले उणे अधिक का होतं ते पाठ करायचं नाही, समजून घ्यायचं. मॅडम म्हणतात, चूक झाली की आधी हसायचं. मॅडमना भडंग आवडत नाही. मॅडमच्या भावाचा आजऱ्यात काजूचा कारखाना आहे. मधल्या सुट्टीत चार-पाच पोरी मॅडमजवळ बसून डबा खायच्या, त्यात साक्षी एक. मॅडम उत्तराभोवती चौकोन काढतात, म्हणून साक्षीही काढायला लागली. एकदा मी तिला वाण्याची यादी लिहायला सांगितली, तर तूरडाळ एक किलो, त्यातल्या एक किलोभोवती चौकोन.

"हे काय?" मी म्हणालो.

"सवय लागली."

"वाण्याला काय करायचाय चौकोन?"

"तुम्ही का चिडताय पण?"

माझी आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "चिडू दे त्याला. त्याच्याभवती कोण चौकोन काढंना झालंय न्हवं."

साक्षी फिसकन हसली. आजीच्या बोलण्यावर तिचं हसणं मी फार दिवसांनी ऐकलं, आणि ते माझ्यावर होतं.

मॅडमनी सांगितलं तसं मी तिच्याशेजारी बसूनही बघितलं. दोन दिवस बसलो. 'हे कसं केलंस' असंही विचारलं. तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन खिडकीकडं सरकली. "पप्पा, तुम्ही बघत बसला की मला सुचत न्हाय," म्हणाली. मी उठलो. क्रांती शेजारी असायची तेव्हा सुचायचं, मॅडम असतात तेव्हा सुचतं. मी असलो की सुचत नाही. हे खरं सांगतो, त्या दिवशी मला क्रांतीचाही राग आला.

जुलैअखेर भूमितीच्या रचना सुरू झाल्या. दिलेल्या मापाचे त्रिकोण काढायचे. साक्षीच्या कंपासातली पट्टी मधोमध मोडलेली. ती आजीला म्हणाली, नवीन आणायला पाहिजे. मी आत होतो, लगेच बाहेर आलो.

"थांब. माझी घे."

मी पॅटर्नमेकर आहे. फौंड्रीत पोलाद ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो मी करतो. अठरा वर्षं झाली. शिक्षण दहावी आणि आयटीआय, पण माप म्हणाल तर केसाएवढंही चुकत नाही. माझ्या कामाच्या पिशवीत एक फूटभर स्टीलची जुनी पट्टी होती. अक्षरं झिजलेली, पण खुणा स्पष्ट. ती पुसून तिला दिली. पेन्सिल आडवी न धरता उभी कशी धरायची, खूण करताना डोळा कुठं ठेवायचा, टोक कसं करायचं, हेही दाखवलं. ती ऐकत होती. वही सरकवली नाही. तिनं पाच त्रिकोण काढले आणि प्रत्येक वेळी माझ्याकडं बघितलं.

"भारी हाय पट्टी," म्हणाली. "हलतच न्हाय."

"स्टीलची हाय. शाळेत न्यायची न्हाय पण. हरवशील."

त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, कामावरून आलो तर साक्षी दप्तर न काढता दारातच उभी होती. तोंड लाल.

"पप्पा, मी भांडलो आज वर्गात."

आमच्याकडं पोरीसुद्धा आलो-गेलोच म्हणतात.

"कुणासंगट?"

"आदर्शसंगट. मॅडमनी वह्या बदलून तपासायला लावल्या. माझी वही आदर्शकडं. त्यानं मोजलं आणि सगळ्या वर्गात ओरडला, साक्षीचे सगळे त्रिकोण चुकले. मी म्हटलं, तुझी पट्टी प्लॅस्टिकची, माझ्या पप्पांची स्टीलची हाय. ते फौंड्रीत मापाचंच काम करतात. तर सगळे हसले. मग मी त्याला खोटारडा म्हटलं."

"आणि मॅडम?"

"मॅडमनी पण मोजलं. म्हणाल्या, चूक म्हणत न्हाय मी, पण बाजू जास्त भरतात. पट्टी घेऊन ये, बघू. म्हणजे त्यांना पण वाटतंय तुम्ही चुकला."

तिनं वही माझ्यापुढं धरली. सहा, आठ आणि दहा सेंटीमीटरचा त्रिकोण. मॅडमनी शेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं : ६.१, ८.२, १०.२. खाली लिहिलं होतं, 'काटकोन अचूक.'

मला बघताक्षणी कळलं.

ओतलेलं पोलाद गार होताना आकसतं. शंभराला साधारण दोन. म्हणून आम्ही नमुना तेवढा मोठा करतो. प्रत्येक मापाला दोन टक्के मिळवत बसायला नको, म्हणून आमची पट्टीच तशी येते. तिच्यावर दहा सेंटीमीटर लिहिलेलं असतं, ते खरं दहा सेंटीमीटर दोन मिलिमीटर असतं. अठरा वर्षं तीच हातात, त्यामुळं ती वेगळी आहे हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. घरच्या कामालाही कधी फरक पडला नव्हता. पोरीला पट्टी द्यायच्या आनंदात मी आकसण्याचं माप धरलेली पट्टी दिली.

हे मी तिथंच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. उलट ती ऐकून खूश झाली असती.

पण ती दारात माझ्या बाजूनं उभी होती. सबंध वर्गाशी आणि मॅडमशी माझ्यासाठी भांडून आलेली. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणी 'माझे पप्पा' म्हणून असं बोललं होतं.

मी म्हणालो, "कंपनीची पट्टी हाय ती. चुकत न्हाय."

"मग नेऊ उद्या?"

"न्हाय. कंपनीचा माल शाळेत न्यायचा नसतो."

"मी सांगतो मॅडमना. तुमचीच पट्टी तपासा म्हणून."

मी पट्टी पुसून पिशवीत ठेवली.

पुढचे तीन दिवस मजेचे गेले. खोटं कशाला सांगू. साक्षी खिडकीकडची जागा सोडून माझ्याजवळ बसायला लागली. 'मॅडम म्हणतात' बंद झालं. उत्तराभोवती चौकोन बंद झाले. एकदा मीच मुद्दाम विचारलं, "काय म्हणतात तुझ्या मॅडम?" तर ती म्हणाली, "त्यांना काय माहीत हाय?" हे ऐकून मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, जिंकल्यासारखं. गुरुवारी येताना मी तिच्यासाठी खाऊ आणला. शुक्रवारी तिनं मला लाकडाचा नमुना कसा करतात ते विचारलं आणि मी सगळं सांगितलं. कुठलं लाकूड, कोपरे गोल का करतात, रंग का देतात. आकसण्याचं तेवढं सोडून.

शनिवारी संध्याकाळी आई डबे घासत होती. तिनं साक्षीचा डबा माझ्यापुढं आदळला.

"बघ. तिसरा दिवस हाय. भाजी तशीच, चपाती तशीच."

"भूक नसंल."

"भूक नसंल म्हणं. पयल्यांदा पोरींच्यात बसून खायाची, रिकामा डबा यायचा. आता एकटीच बसतीया म्हणं वर्गात. मी इचारलं तवा बोलली. त्या मास्तरणीसंगट कट्टी केलीया, तुज्या पट्टीपायी."

"मास्तरणीनं बघावं की मग."

आईनं माझ्याकडं नीट बघितलं. "तू काय केलंयस रं जितू?"

"काय न्हाय."

"पोरीला आई न्हाय. एक बाई गावली हुती बोलायला. तिचा बी तुला हेवा?"

मी बाहेर निघून गेलो. आईला पट्टीतलं काही कळत नाही, पण मला तिनं लहानाचं मोठं केलंय.

रविवारी आम्हाला काम असतं. जेवणाच्या सुट्टीत फोन आला. अनुजा मॅडम.

"काल चाचणी झाली," त्या म्हणाल्या. "साक्षीनं सगळं सोडवलं, रचनेचा प्रश्न कोरा ठेवला. पट्टी मी देत होते, घेतली नाही. म्हणाली, पप्पांची असेल तरच काढीन. मला वाईट वाटलं हो. मुलं हसली तेव्हा मी त्यांना लगेच थांबवायला हवं होतं. ते माझं चुकलं."

शॉपमध्ये रंध्याची मशीन बंद होती, तरी मी म्हणालो, "आवाज येत न्हाय."

"येतोय ना आता? एक विचारायचं होतं. तिचे कोन सगळे बरोबर आहेत. बाजू सगळ्या जास्त, पण एकाच प्रमाणात. सहाला थोडं, दहाला जास्त. हात चुकला असता तर एखादी कमी भरली असती, एखादी जास्त. म्हणजे मुलीचा हात अगदी बरोबर आहे. पट्टीच वेगळी आहे. तुमच्या कामात तशी पट्टी असते का?"

"असते," मी म्हणालो.

मला कधी कळलं हे त्यांनी विचारलं नाही.

"मी तिला सांगू शकते. पण तुम्ही सांगितलं तर बरं होईल," एवढंच म्हणाल्या.

या बोलण्यावर माझा राग जायला हवा होता. तो वाढला. कारण त्या बाईनं माझ्या कामातली गोष्ट वहीतल्या तीन आकड्यांवरून ओळखली होती, स्वतःची चूक आधी सांगितली होती, आणि वर माझी पोरगी मला परत देत होती. मला त्या बाईचं काही नको होतं. पण डब्यातली चपाती डोळ्यांपुढं येत होती. माझ्याजवळ बसायला लागल्यापासून साक्षी दुसऱ्या कुणाजवळच बसत नव्हती.

सुटल्यावर शाहूपुरीत जाऊन मी एक साधी प्लॅस्टिकची पट्टी घेतली.

सोमवारी सकाळी साक्षी वेणी घालून आली, तेव्हा मी दोन्ही पट्ट्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य लावलं.

"बघ."

ती उकिडवी बसली. बोटानं एकेक खूण बघत गेली. दोनला काही कळत नव्हतं. पाचला थोडं सरकलेलं. दहाला स्टीलची पट्टी स्पष्ट पुढं गेलेली.

"ही मोठी हाय," ती म्हणाली.

मी सांगितलं. पोलाद आकसतं, म्हणून पट्टी मोठी. दहाला दोन मिलिमीटर. आदर्शचं बरोबर होतं, मॅडमचंही बरोबर होतं. तुझा हातही बरोबर होता.

तिनं बोट पुन्हा शून्यापासून दहापर्यंत नेलं. मग तिनं तेच विचारलं, जे मॅडमनी विचारलं नव्हतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

आई चुलीपाशी थांबली. 'काल मॅडमचा फोन आला तेव्हा' असं मी म्हणू शकलो असतो. ते कुणाला खोटं ठरवता आलं नसतं. मॅडमनीही तोंड उघडलं नसतं.

"बुधवारी," मी म्हणालो. "तू वही दाखवलीस तेव्हाच."

"त्याच दिवशी?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाय? मी आदर्शला खोटारडा म्हटलं. मॅडमना म्हटलं तुमची पट्टी तपासा. चाचणीत प्रश्न सोडला मी पप्पा! सहा मार्काचा!"

"मला वाटलं तू माझ्या बाजूनं हायस तर असू दे."

"मी होतोच की बाजूनं!" ती ओरडली. "मी कुठं गेलतो?"

ती रडली नाही. दोन्ही पट्ट्या उचलून दप्तरात घातल्या. कंपनीचा माल नेऊ नको असं म्हणायला माझं तोंड नव्हतं.

"आई असती तर तिनं असं केलं नसतं," ती म्हणाली.

"न्हाय केलं असतं."

गाडीवर ती मागं सरकून बसली. रोज माझा शर्ट धरते, त्या दिवशी मागची दांडी धरली. शाळेशी उतरली आणि सरळ आत गेली. मी फाटकातून बघत होतो. पायऱ्यांवर अनुजा मॅडम दोन मुलांशी बोलत उभ्या होत्या. साक्षी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. बराच वेळ खाली बघत काहीतरी बोलली. मग दप्तरातून पट्ट्या काढल्या. मॅडम वाकल्या. दोघी डोकी एकत्र करून बघत होत्या. मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि साक्षीचे खांदे हलायला लागले. घरी रडली नाही ती तिथं रडली.

मी तिथंच उभा होतो. मला आत जावंसं वाटलं आणि त्या हाताच्या जागी माझा हात ठेवावासा वाटला. मागून विजयसिंह त्यांच्या मुलाला सोडायला आले. "काय पावणं, आत जायाचं न्हाय?" म्हणाले. मी म्हणालो, "न्हाय, सोडायला आलतो," आणि गाडी वळवली.

त्या आठवड्यात साक्षी माझ्याशी गरजेपुरतं बोलली. जेवायला वाढू का, गाडी काढा, सही करा. अभ्यासाला पुन्हा खिडकीकडं बसायला लागली. डबा मात्र मंगळवारपासून रिकामा आला. आईनं तो मला दाखवला नाही, पण पाण्याखाली धरून जरा जास्तच वाजवला. आदर्शची माफी मागितली हे मला आईकडून कळलं. स्टीलची पट्टी वर्गात सगळ्यांनी हाताळली, पट्टी मोठी का करतात यावर तास झाला, हेही आईकडूनच. आईला त्यातलं निम्मं समजलं नव्हतं, त्यामुळं मला पाव कळलं. विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

मॅडमनी रचनेचा प्रश्न तिला पुन्हा सोडवायला दिला. शनिवारी मला एका दिवसापुरती दुपारची पाळी होती; जायच्या आधी मी बूट घालत होतो, तेव्हा ती शाळेतून आली. आधी स्वयंपाकघरात गेली. आतून आईचा आवाज आला, "लई ब्येस काढलंयस गं माजे बाई, ह्यो तिकोण म्हंजे समोसाच की." मग दोघींचं हसणं.

मग ती बाहेर आली. माझ्यासमोर थोडी लांबच थांबली आणि वही पुढं केली.

मी तिसरा होतो. आधी मॅडम, मग आजी, मग मी. वहीवर लाल शाईत मॅडमची सही होती आणि कोपऱ्याला आईच्या बोटाचं पीठ लागलं होतं. एक बूट पायात, एक बाहेर, तसाच मी उठलो. हात धुतले, पुसले, आणि वही घेतली.